अडतीसचे एकेचाळीस: एनक्रिप्टेड डिस्क अचानक रीड-ओन्ली होण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात धंतोलीत एका सीए मॅडमचं ऑफिस आहे. मॅडम, हिशेबाचं सगळं पाहणारे एक काका, चार आर्टिकल्स (सीएच्या हाताखाली शिकणारे विद्यार्थी) आणि सात कम्प्युटर. त्यांची मशीन मी सांभाळतो, पण रोज जात नाही. तीन महिन्यांतून एकदा तपासणी, आणि मध्ये काही अडलं तर फोन. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

या ऑफिसचा सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलाखालचा एक साधा डेस्कटॉप. त्यावर डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. मशीनच्या आत एक एसएसडी, तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम. क्लायंट लोकांचा सगळा डेटा मात्र बाहेरच्या ४ टीबीच्या डिस्कवर. ही साडेतीन इंची डिस्क एका पेटीत बसवलेली, यूएसबीने जोडलेली आणि स्वतःच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी. हा अडॅप्टर पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

दोन्ही डिस्क लक्स२ या लिनक्सच्या पद्धतीने एनक्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या. हा आग्रह माझाच. पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंटं असा सगळा मालमसाला असलेली डिस्क उद्या दुरुस्तीला द्यावी लागली तर कोणाच्या हातात पडेल, हा माझा साधा प्रश्न होता. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यावर मॅडमनाही तो पटला. एसएसडी उघडायची पासफ्रेज मशीन सुरू होताना टाकावी लागते, आणि ती फक्त मॅडमना माहीत. एसएसडी उघडली की तिच्यावरच ठेवलेल्या की-फाइलने बाहेरची डिस्क आपोआप उघडते. त्या डिस्कवर एक्स्ट४ फाइलसिस्टीम (फायली मांडून ठेवायची पद्धत), आणि तीच साम्बा या नेटवर्कवर फायली वाटणाऱ्या प्रोग्रॅममार्फत सगळ्यांना ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून दिसते.

म्हणजे खालून वर मोजलं तर थर असे: वीज, डिस्क, यूएसबीची केबल आणि पेटीतली चिप, डीएम-क्रिप्ट (एनक्रिप्शनचा थर), एक्स्ट४, साम्बा आणि शेवटी एक्सेल उघडून बसलेली आर्टिकल. तक्रार येते ती नेहमी सगळ्यात वरून. बिघाड सहसा तिथे नसतो.

काय झालं

२७ मे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू होऊन तिसरा दिवस. चौथ्या तिमाहीच्या टीडीएस रिटर्नची शेवटची तारीख ३१ मे, त्यामुळे ऑफिसात कोणालाच मान वर करायला वेळ नव्हता. मॅडम ऑडिटसाठी वर्ध्याला गेलेल्या, संध्याकाळपर्यंत यायच्या नव्हत्या.

बारा वाजून पाच मिनिटांनी एका आर्टिकलचा फोन आला. “दादा, झेड ड्राइव्हवर फाइल सेव्हच नाही होऊन राहिली. रीड-ओन्ली म्हणते. काकांनी साम्बा रीस्टार्ट करून पाहिलं, तरी तेच.”

मी तिला सर्व्हरच्या पडद्यावर दोन-तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. फोल्डरची यादी दिसत होती. सकाळी उघडलेल्या काही फायली उघडत होत्या, पण गेल्या वर्षीच्या फायली उघडायला गेलं की एरर. इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. सकाळी वाचलेल्या फायली लिनक्सने मेमरीत धरून ठेवलेल्या असतात, त्या डिस्कला हात न लावताही उघडतात. जुन्या फायली मात्र डिस्कवरूनच वाचाव्या लागतात. ‘अर्धं चालतं, अर्धं नाही’ याचा अर्थ डिस्क अर्धी जिवंत असा नव्हता. ती गेलेलीच होती आणि मेमरी तिची आठवण सांगत होती.

घंटा वाजली नाही. मी घाईत तिला माउंट (डिस्कची सिस्टीमशी केलेली जोडणी) परत रीड-राइट करायची कमांड सांगितली. ती नाकारली गेली: डिव्हाइस राइट-प्रोटेक्टेड आहे. नाकारली हे नशीब. एक्स्ट४ ने एकदा जर्नल, म्हणजे बदल करण्याआधी लिहून ठेवायची तिची नोंदवही, सोडून दिलं की ती तुमच्या सांगण्यावरून परत लिहायला तयार होत नाही, आधी माउंट काढा म्हणते. हा तिचा हट्ट नाही, काळजी आहे.

यानंतर मात्र शुद्धीवर येऊन दोन सूचना दिल्या. एक, कोणीही उघडी फाइल बंद करायची नाही; प्रत्येकाने ‘सेव्ह ॲज’ करून ती आपापल्या डेस्कटॉपवर ठेवायची. दोन, सर्व्हरला कोणीही हात लावायचा नाही. मग डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि गाडी काढली.

रीबूट करायचं की नाही

मी पोहोचलो तेव्हा काका मशीनच्या बटणाजवळच उभे. “भाऊ, बंद करून चालू केलं का होऊन जाते बराबर. मागच्या खेपेलेही तसंच केलं ना जी.”

मागच्या खेपेला? विचारल्यावर कळलं की हे आठवड्यात दोनदा आधी होऊन गेलं होतं. दोन्ही वेळा मॅडम ऑफिसात होत्या, त्यांनी मशीन बंद-चालू केलं, पासफ्रेज टाकली, काम सुरू. मला कोणी कळवलं नाही, कारण ‘ठीक झालं’ होतं. त्यांचा दोष नाही. सुरू होताना मशीनने फाइलसिस्टीमचं जर्नल गुपचूप निस्तरलं आणि वरून सगळं ठाकठीक दिसलं.

आज रीबूट न करण्याची तीन कारणं होती. पहिलं साधं होतं: मॅडम वर्ध्याला, आणि मशीन पासफ्रेजच्या पडद्यावर येऊन अडकलं असतं. ती पासफ्रेज फोनवर सगळ्या ऑफिससमोर मोठ्याने वाचून दाखवायची माझी इच्छा नव्हती. दुसरं, डिस्कची अवस्था कळेपर्यंत तिच्यावर आपोआप काहीही लिहिलं जाऊ नये. तिसरं कारण बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही. एनक्रिप्टेड डिस्क उघडी असते तोवर तिची खरी किल्ली, म्हणजे मास्टर की, कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) मेमरीत असते. समजा डिस्कच्या सुरुवातीचा लक्सचा हेडरच, म्हणजे किल्ल्यांची माहिती ठेवणारा भागच, खराब झाला असेल, तर मेमरीतली ती किल्ली जगातली शेवटची प्रत असू शकते. मशीन बंद केलं की ती गेली.

काकांना म्हटलं, “काका, पाच मिनिटं द्या. आधी ती काय म्हणते ते ऐकू.”

लॉग काय म्हणत होता

कर्नलचा लॉग आधी एसएसडीवर एका फाइलमध्ये उतरवून घेतला, मग वाचला. ११:४८ च्या आसपास सगळा खेळ चार सेकंदांत उरकला होता. आधी ओळ: यूएसबी डिस्कनेक्ट. लगेच डीएम-१ वर बफर आयओ एरर, आणि त्यापुढे ते जीवघेणे शब्द, ‘लॉस्ट असिंक पेज राइट’. म्हणजे मेमरीतून डिस्कवर जायला निघालेलं पान वाटेतच हरवलं. मग जर्नल अबॉर्ट झालं, सुपरब्लॉक (फाइलसिस्टीमची मुख्य माहिती) लिहितानाही एरर आली, आणि शेवटी ‘रीमाउंटिंग फाइलसिस्टीम रीड-ओन्ली’.

आणि त्यानंतर तीनच सेकंदांनी नवी ओळ: नवं यूएसबी उपकरण सापडलं, ४ टीबी, नाव एसडीसी.

डिस्क परत आली होती! पण आधी ती एसडीबी होती. जुनं नाव डीएम-क्रिप्टने धरून ठेवलं होतं, म्हणून कर्नलने तिला नवं नाव दिलं. एनक्रिप्शनचा थर अजूनही मेलेल्या एसडीबीकडेच बोट दाखवत बसला होता, आणि जिवंत एसडीसी शेजारीच रिकामी फिरत होती. डीएमसेटअप या कमांडने मॅपिंग, म्हणजे एनक्रिप्शनचा उघडलेला थर, कोणत्या डिस्कवर टेकलं आहे ते विचारलं, तर उत्तर ८:१६, म्हणजे एसडीबी. नव्या डिस्कचा क्रमांक ८:३२. एलएसबीएलकेमध्ये, म्हणजे डिस्कच्या यादीत, एसडीसीच्या खाली क्रिप्टची फांदीच नव्हती.

एनक्रिप्शन नसतं तरी डिस्क अशीच रीड-ओन्ली झाली असती. डीएम-क्रिप्ट खालून आलेली एरर जशीच्या तशी वर पाठवतो, स्वतःच्या पदरचं काही घालत नाही. पण ऑफिसातल्या प्रत्येकाचा पहिला संशय त्याच्यावरच होता. आर्टिकल्समध्ये कुजबुज सुरू झाली होती की एनक्रिप्टेड डिस्कचा एक बिट जरी बिघडला तरी सगळा डेटा जातो. ही समजूत इतकी पसरलेली आहे की दोन ओळी लिहितो. लक्समध्ये डेटासाठी सहसा एक्सटीएस पद्धत वापरतात. तिच्यात एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराचा एक बिट बदलला तर १६ बाइट्सचा तेवढा तुकडा बिघडतो, शेजारचा तुकडा शाबूत राहतो. समजूत खरी ठरते ती फक्त की-स्लॉटच्या, म्हणजे हेडरजवळच्या किल्ली ठेवायच्या कप्प्यांच्या, बाबतीत. तिथे किल्ली मुद्दाम ४,००० तुकड्यांत पसरून लिहिलेली असते, म्हणजे स्लॉट पुसायचा ठरवला तर तो खात्रीने पुसला जावा. त्यामुळे त्या थोड्या जागेतला एक बिट गेला तरी तो स्लॉट निकामी. बाकीच्या ४ टीबीला ही भीती नाही.

लिफाफ्यातली चिठ्ठी

पुढची पायरी उघड होती: जुनं मॅपिंग बंद करायचं आणि नवी डिस्क उघडायची. पण बंद केलं की मेमरीतली किल्ली गेली. म्हणून आधी नव्या नावावर किल्ली लागते का ते पाहायचं. क्रिप्टसेटअपमध्ये, म्हणजे लक्स हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये, डिस्क न उघडता नुसती पासफ्रेज तपासायची सोय आहे.

बाहेरच्या डिस्कची पासफ्रेज एका बंद लिफाफ्यात, मॅडमच्या कपाटात. मॅडमनी फोनवर परवानगी दिली, काकांनी लिफाफा फोडला, मी टाइप केली. ‘या पासफ्रेजने कोणतीही किल्ली उपलब्ध नाही.’ परत, सावकाश. तेच. तिसऱ्यांदा काकांनी अक्षर-अक्षर वाचून दाखवलं. तेच.

खोटं कशाला बोलू, कुलरसमोर बसूनही मला घाम फुटला. नुकतंच वर की-स्लॉटबद्दल जे लिहिलं, ते सगळं त्या क्षणी डोक्यात फिरत होतं.

हेडरची माहिती काढली तर दोन स्लॉट दिसले, शून्य आणि एक. एक नंबरचा की-फाइलचा. मग की-फाइलने तपासलं, आणि ती पहिल्या फटक्यात चालली. म्हणजे हेडर शाबूत होता, डिस्क वाचता येत होती, मास्टर की निघत होती. स्लॉट शून्यच तेवढा खराब झाला असेल असं होऊ शकतं, पण त्याहून साधं उत्तर समोर होतं: चिठ्ठी चुकीची आहे.

ती चुकीची होती, आणि चूक माझी होती. मागच्या दिवाळीआधी एक जण ऑफिस सोडून गेला तेव्हा मी पासफ्रेज बदलली आणि लिफाफ्यातली चिठ्ठी बदलायला विसरलो. नवी पासफ्रेज माझ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये दुसऱ्याच नावाखाली संध्याकाळी सापडली. रोज की-फाइलने दार आपोआप उघडत होतं, त्यामुळे सात-आठ महिन्यांत ती पासफ्रेज कोणी एकदाही टाकली नव्हती.

किल्ली लागते हे पक्कं झाल्यावर हेडरची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवली. लक्स२ चा हेडर सहसा १६ एमबीचा असतो, प्रत काढायला सेकंदही लागत नाही. मग साम्बा थांबवला, माउंट काढला, जुनं मॅपिंग बंद केलं. आणखी एक काम, जे घाईत राहून जातं: रात्री २ वाजताचं बॅकअपचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बंद केलं. डिस्क जागेवर नसताना बॅकअप चालला, तर रिकाम्या फोल्डरची इमानदारीने नक्कल होऊ शकते.

तीन वाटा

आता दुपारचा दीड. समोर तीन पर्याय होते.

पहिला, सरळ दुरुस्ती: नव्या नावाने आलेल्या डिस्कवर ई२एफएसके, म्हणजे एक्स्ट४ तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, चालवायचा आणि पुढे जायचं. झटपट, पण दुरुस्ती म्हणजे लिहिणं. डिस्क खरोखर मरायला टेकलेली असेल तर तिच्यावर लिहिणं म्हणजे तापलेल्या रोग्याला पळायला लावणं.

दुसरा, आधी डीडीरेस्क्यू या नक्कल काढायच्या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची नक्कल, मग नकलेवर दुरुस्ती. पुस्तकी उत्तर हेच. नक्कल एनक्रिप्शनच्या खालच्या थराची घ्यायची, म्हणजे हेडरही सोबत येतो आणि नक्कल तीच किल्ली लावून उघडता येते. पण ४ टीबी, सेकंदाला १५० एमबी धरले तरी साडेसात तास, आणि शिवाय रिकामी ४ टीबीची दुसरी डिस्क. सीताबर्डीवर मिळाली असती. दिवस मात्र गेला असता.

तिसरा, डिस्क बाजूला ठेवून बॅकअपवरून काम सुरू करणं. आदल्या रात्रीचा बॅकअप नीट झालेला होता, मी त्यातल्या पाच फायली उघडून पाहिल्या. भरलेला डेटा दोनेक टीबी, लहान लहान फायलींचा, म्हणजे पाच-सहा तास. आणि त्या दिवशी पहाटे दोननंतरचं काम त्यात नव्हतं.

निवड डिस्कच्या तब्येतीवर अवलंबून होती, म्हणून स्मार्टसीटीएल चालवलं; डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, ती ते दाखवतं. यूएसबीच्या पेटीतून डिस्कशी बोलायचं तर ‘सॅट’ हा प्रकार सांगावा लागतो, नाहीतर काहीच दिसत नाही. पाचवा आकडा, म्हणजे जागा बदललेले सेक्टर: शून्य. १९७, वाट पाहणारे संशयित सेक्टर: शून्य. १९८, न वाचता आलेले: शून्य. १९९, केबलवरच्या चुका: शून्य. आजारी डिस्कचा रिपोर्ट असा नसतो. यातले १९७ आणि १९८ जर शून्य नसते, तर मी दुसरा पर्याय घेतला असता आणि ३१ तारखेची काळजी मॅडमवर सोडली असती.

शेवटी चौथीच वाट धरली, पहिल्या आणि तिसऱ्याच्या मधली. डिस्क रीड-ओन्ली उघडायची, आज सकाळपासून बदललेल्या फायली आधी बाहेर काढायच्या, मग दुरुस्ती. आणि दुरुस्तीही परत फिरता येईल अशी.

दुरुस्ती

क्रिप्टसेटअपने मॅपिंग रीड-ओन्ली उघडलं. नुसतं रीड-ओन्ली माउंट पुरत नाही, कारण एक्स्ट४ तेव्हाही जर्नल पूर्ण करायला डिस्कवर लिहू पाहते. खालचं मॅपिंगच रीड-ओन्ली असल्यावर तिने माउंट व्हायला नकार दिला आणि स्वतःच सुचवलं: ‘नोलोड’ वापरून पाहा. नोलोड म्हणजे जर्नलकडे न पाहता आहे तसं दाखव. थोडं विस्कटलेलं दिसू शकतं, पण वाचता येतं. पहाटे २ नंतर बदललेल्या फायली शोधून एसएसडीवर उतरवल्या. काहीशे एमबी निघाले.

मग माउंट काढून आधी ई२एफएसके नुसतं तपासणीच्या पर्यायाने चालवलं. चुकांची लांबलचक यादी आली. मागे उभ्या असलेल्या आर्टिकलने तोंडावर हात ठेवला. “दादा, इतकं?” घाबरायचं कारण नव्हतं. हा पर्याय जर्नल लावत नाही, त्यामुळे जी कामं जर्नलमध्ये नीट लिहून ठेवलेली असतात तीही त्याला चुका वाटतात. पाण्याची टाकी भरायच्या आधीच नळाला पाणी नाही म्हणून ओरडण्यासारखं.

खरी दुरुस्ती दोन पर्याय लावून केली. एक, अनडू फाइलचा: ई२एफएसके जो ब्लॉक बदलेल त्याचा आधीचा मजकूर आधी त्या फाइलमध्ये ठेवतो, आणि गडबड झाली तर ई२अनडूने परत येता येतं. ही सोय फार कमी लोक वापरतात. दुसरा, सक्तीने पूर्ण तपासणी करायचा. तो इथे गरजेचाच होता. फाइलसिस्टीमला चूक झाली की ती सुपरब्लॉकवर तशी खूण करते, पण इथे सुपरब्लॉक लिहितानाच एरर आली होती. खूण करायला डिस्कच जागेवर नव्हती. सक्ती केली नसती तर जर्नल लावून ‘क्लीन’ म्हणून मोकळं व्हायची शक्यता होती, आणि आधीच्या दोन वेळांना बहुधा तेच झालं होतं.

वीसएक मिनिटांनी निकाल आला: काही अनाथ आयनोड (फायलींच्या नोंदी) साफ केले, मोकळ्या ब्लॉकची मोजणी दुरुस्त केली. लॉस्ट अँड फाउंडमध्ये, म्हणजे ठिकाण न सापडलेल्या फायलींच्या फोल्डरमध्ये, काही नाही. दुपारी सव्वातीनला झेड ड्राइव्ह परत सगळ्यांना दिसू लागला.

पण असं झालं का?

इथे थांबलो असतो तर परवा परत फोन आला असता.

इंटरनेटवर अशा तक्रारीला एक तयार औषध मिळतं: यूएएस बंद करा. यूएएस ही यूएसबीवरून डिस्कशी बोलायची जलद पद्धत, आणि काही पेट्यांमधल्या चिपना ती झेपत नाही हे खरं आहे. पण तसं असतं तर लॉगमध्ये यूएएसच्या अबॉर्ट आणि रीसेटच्या ओळी डिस्कनेक्टच्या आधी दिसल्या असत्या. इथे एकही नव्हती. डिस्क बोलता बोलता अडखळली नव्हती. ती एकदम गायब झाली होती. म्हणून ते औषध दिलं नाही.

२०२४ च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवत असेल. दिवसभर व्हॉट्सॲपवर तेच. नंतर कळलं की सेन्सर बिघडला होता. २०१३ मधल्या ४७.९ अंशांचा उन्हाळा काढलेल्या माणसाला ५६ वर तेव्हाच शंका यायला हवी होती. मी तोच धडा उलटा लावत होतो: स्मार्टचे ‘आजाराचे’ आकडे शून्य असतील, तर आजार नसलेले आकडे काय सांगतात?

एप्रिलच्या तपासणीचा रिपोर्ट माझ्या लॅपटॉपवर होता. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले. बारावा आकडा, पॉवर सायकल काउंट, म्हणजे डिस्कला किती वेळा नव्याने वीज मिळाली: एप्रिलमध्ये ३८, आज ४१. आणि १९२, म्हणजे वीज अचानक गेल्यामुळे डोकं घाईघाईने मागे घ्यावं लागल्याच्या वेळा: तोही बरोबर तीनने वाढलेला.

मशीन रीबूट केल्याने या डिस्कची वीज जात नाही, तिचा अडॅप्टर वेगळा आहे. तीन वेळा झेड ड्राइव्ह बंद पडला. तीन वेळा डिस्कची वीज गेली. जुना लॉग चाळला, तर २१ आणि २४ मे रोजी तशाच डिस्कनेक्टच्या ओळी, दोन्ही सकाळी साडेअकरा ते साडेबाराच्या मधल्या.

“काका, साडेअकराला रोज काय होते इथे?”

काकांनी खिडकीकडे पाहिलं. “कुलर फास्ट करतो जी. अकराच्या पुढे बसवत नाही ना.”

टेबलाखाली वाकून अडॅप्टरची वायर हाताने चाचपत गेलो. मी लावून दिली तेव्हा ती यूपीएसमध्ये होती. आता ती एका पांढऱ्या एक्स्टेन्शन बोर्डात, आणि त्याच बोर्डात कुलर. २० मेच्या सुमारास लेबल प्रिंटर आला, यूपीएसचं एक सॉकेट हवं होतं, आणि डिस्कचा काळा अडॅप्टर मोबाइलच्या चार्जरसारखा दिसला. मशीन स्वतः यूपीएसवर, म्हणून ते कधी बंद पडलं नाही. उलट तेच घातक ठरलं. वीज गेल्यावर दोघंही बंद पडले असते तर निदान कळलं तरी असतं.

अंदाज बरोबर आहे हे दाखवायला हवं होतं. साडेसहाला सगळे गेल्यावर झेड ड्राइव्ह बंद केला, मॅपिंग बंद केलं, आणि कर्नलचा लॉग पडद्यावर चालू ठेवला. काका कुलरच्या बटणावर. पंप बंद, पंखा हळू: काही नाही. पंखा फास्ट: काही नाही. तीनदा केलं, काहीच नाही. मला वाटायला लागलं की माझी कथा फारच छान जमून आली होती, म्हणूनच ती खोटी. चौथ्यांदा काकांनी, ते रोज करतात तसं, पंप आणि फास्ट एकदम दाबलं. बोर्डातून बारीकसा ‘चर्र’, टेबलावरच्या पेटीचा निळा दिवा मिटला, आतून ‘टक’ असा आवाज, आणि पडद्यावर नवी ओळ: यूएसबी डिस्कनेक्ट.

“हा खटका तर मी रोजच ऐकतो भाऊ,” काका म्हणाले. “मले वाटे कुलरचाच आहे.”

बोर्ड उघडला. अडॅप्टरच्या सॉकेटमधली पितळी पट्टी ढिली, कडेचं प्लास्टिक पिवळट-तपकिरी झालेलं. कुलरची मोटर सुरू होताना ओढलेला करंट आणि ढिला संपर्क, दोघं मिळून डिस्कला क्षणभर उपाशी ठेवत होते. रोज नाही, पंप आणि पंखा एकदम लागले आणि पट्टी वाईट बसलेली असली तेव्हाच.

निष्पत्ती

टीडीएसची रिटर्नं ३० तारखेला गेली. हरवलं काय, तर एका क्लायंटच्या टॅलीमधल्या सुमारे चाळीस मिनिटांच्या नोंदी, आणि एक एक्सेल फाइल जी शून्य बाइट्सची निघाली. ती फाइल डेस्कटॉपवरच्या ‘सेव्ह ॲज’ प्रतीतून परत मिळाली. नोंदी काकांनी व्हाउचर पाहून पुन्हा केल्या. एक्स्ट४ साधारण दर पाच सेकंदांनी जर्नल लिहिते आणि बाकीची पानं अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेर जातात, मग चाळीस मिनिटं कशी गेली? लिहिण्याची वाट बंद झाल्यावरही काही वेळ तो आर्टिकल काम करत राहिला होता, वरच्या थराला हे कळायला वेळ लागला.

अडॅप्टर त्याच रात्री यूपीएसमध्ये परत गेला. बोर्ड कचऱ्यात.

आता वेगळं काय करेन

रीड-ओन्ली झाल्याचं मला आर्टिकलच्या फोनवरून कळता कामा नये. आता दर मिनिटाला एक छोटी स्क्रिप्ट माउंटची अवस्था पाहते, ‘आरओ’ दिसलं की मला आणि मॅडमला मेल जातो. ही पाच ओळींची स्क्रिप्ट २१ मेला असती तर २७ मे उजाडलाच नसता.

लिफाफ्याबाबत जास्त कडक झालो आहे. पासफ्रेज बदलली की त्याच बैठकीत चिठ्ठी बदलायची, आणि तिमाही तपासणीत चिठ्ठीवरूनच टाइप करून पाहायची. हेडरच्या प्रतीलाही हेच लागू. जुन्या हेडरच्या प्रतीने जुनी पासफ्रेज परत चालू होते. म्हणजे ऑफिस सोडून गेलेल्याला कुलूप बदलूनही दार उघडता येईल. पासफ्रेज बदलली की जुनी प्रत नष्ट करायची, नवी काढायची.

फोनवर रीड-राइटची कमांड सांगितली ती चूकच. लॉग न पाहता औषध. मेमरीतल्या किल्लीची काळजी मी केली, पण माझ्या नशिबाने की-फाइल चालली. ती चालली नसती तर पुढे काय, याची तयारी माझ्याकडे नव्हती. लक्स२ मध्ये किल्ली कर्नलच्या की-रिंगमध्ये असते, आणि डीएमसेटअपला विचारून ती सहजासहजी दिसत नाही. म्हणून हेडरची प्रत आधीपासून असणं हाच उपाय, अडल्यावर शोधायचा नव्हे.

नक्कल न घेता दुरुस्ती केली, ते पुन्हा करेन का? तेच आकडे, तोच बॅकअप आणि तीच तारीख असेल तर हो. यातलं एक जरी कमी असेल तर नाही. मला माहीत आहे की यावर बरेच जण वाद घालतील, आणि त्यांचंही बरोबर आहे.

सर्वात मोठा बदल जूनमध्ये केला. डिस्क पेटीतून काढून मशीनच्या आतच साटा केबलने बसवली, म्हणजे वेगळा अडॅप्टरच नको. ऑक्टोबरच्या तपासणीत बारावा आकडा ४४ होता. एक काकांनी कुलर लावून दाखवला तेव्हाचा, एक मी डिस्क आत बसवली तेव्हाचा, आणि एक मारबतीच्या सुट्टीला मॅडमनी मशीन बंद केलं त्याचा.